स्टिकर मिळाला, परवाना बाकी आहे : जर्मनीत शिकायला येताना

जर्मनीला शिकायला जायचं ठरलं की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "व्हिसा झाला का?" तो झाला की सगळं झालं, असं धरून चालण्याची पद्धत आहे. २०२४ च्या हिवाळी सत्रात मी मास्टर्ससाठी इथे आले. तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की पासपोर्टवर चिकटणारा स्टिकर हा देशात शिरण्यापुरता आणि पहिल्या काही महिन्यांपुरता असतो. शिक्षण संपेपर्यंत राहण्याची परवानगी इथे आल्यावर, इथल्या कचेरीत, वेगळा अर्ज करून घ्यावी लागते. आणि या दोन्हींमागे जे कागद लागतात, त्यातल्या प्रत्येकाला स्वतःची तारीख असते. ती पुढच्या कागदाच्या तारखेशी जुळली नाही की अडतं. हुशारी, मार्क, पैसे सगळं असून फक्त तारखांपायी एक अख्खं सत्र हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. एवढी मुलं येतात, पण माहिती अजूनही व्हॉट्सॲप ग्रुपवरून, कुणाच्या तरी मावसभावाकडून आणि एजंटकडून येते. नियम मात्र दर वर्षी थोडे थोडे बदलतात. त्यामुळे माझं वाचून झाल्यावरही कॉन्सुलेटची त्या दिवशीची चेकलिस्ट उघडून बघाच.

सुरुवात एपीएसपासून. हे दिल्लीतल्या जर्मन दूतावासाशी जोडलेलं केंद्र आहे आणि तुमच्या मार्कशीट, पदवी वगैरे खऱ्या आहेत का, हे ते तपासतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे. फी १८ हजार रुपये. ॲडमिशनच्या आधी घ्यायचं की नंतर, यावर ग्रुपवर भांडणं चालतात. माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यात आधी हेच. कित्येक विद्यापीठं प्रवेश अर्जासोबतच ते मागतात आणि उन्हाळा जवळ आला की अर्जांचा ढीग वाढतो. ॲडमिशन हातात आणि एपीएस वाटेत, या अवस्थेत दिवस काढणं फार त्रासाचं असतं.

आता नावांविषयी. यावर कुणी नीट लिहीत नाही आणि मराठी मुलांना हा प्रश्न हमखास येतो.

आपल्या पासपोर्टवर दोन रकाने असतात, एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा. दिलेल्या नावात आपण सहसा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं लिहितो. महाराष्ट्रातल्या कित्येक मार्कशीटवर मात्र क्रम वेगळा असतो. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. दहावीची मार्कशीट, बारावीची, पदवीची, आधार, पॅन, बँकेचं खातं, प्रत्येक ठिकाणी तीच माणसं वेगळ्या रांगेत उभी. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण वाचताना आपण मनातल्या मनात क्रम लावून घेतो. इथला कारकून तसं करत नाही. त्याच्या दृष्टीने शेवटी येतं ते आडनाव.

माझ्या प्रवेशपत्रावर विद्यापीठाने माझं आडनाव म्हणून आईचं पहिलं नाव छापलं होतं. पदवीच्या कागदावर तेच शेवटी होतं, त्यांनी ते उचललं. पत्र आलं त्या आनंदात घरी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण मी पत्र आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायला बसले आणि ते दिसलं. लगेच विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला मेल केली. पासपोर्टचं पहिलं पान जोडलं, त्यात आडनावाच्या ओळीवर खूण केली आणि दोनच वाक्यांत लिहिलं की कोणतं नाव कुठे हवं. दुरुस्त पत्र आलं. तोवर मी ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचा पुरावा म्हणून काढायचं खातं, त्याविषयी पुढे), विमा, काही म्हणजे काही पुढे सरकवलं नाही, कारण चुकीच्या नावावर निघालेला एक कागद पुढच्या चार कागदांवर तेच नाव चढवतो.

मार्कशीट तर बदलता येत नाहीत. त्यासाठी स्टॅम्प पेपरवर इंग्रजीत प्रतिज्ञापत्र केलं की अमुक अमुक नावांनी उल्लेख असलेली व्यक्ती एकच आहे, ते नोटरी केलं आणि फाइलमध्ये लावलं. चेकलिस्टमध्ये असा कागद कुणी मागितला नव्हता. तरीही लावा, असंच मी सांगेन. समोरच्या माणसाला शंका येण्याआधीच तिचं उत्तर फाइलमध्ये असलेलं बरं. आणि इथून पुढे प्रत्येक फॉर्ममध्ये, तिकिटावर, विम्यावर, बँकेत, पासपोर्टवर आहे तस्संच नाव. वडिलांचं नाव एका ठिकाणी घातलं आणि दुसरीकडे गाळलं, असं करू नका.

पुढचा मोठा विषय पैशांचा. वर्षभराचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट काढायचं. त्यात एकदम रक्कम भरायची आणि इथे आल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच बाहेर निघतो. मी अर्ज केला तेव्हा ही रक्कम ११,२०८ युरो होती, म्हणजे महिन्याला ९३४. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली, महिन्याला ९९२. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या कुणी दिलेलं अधिकृत हमीपत्र असेल तर हे खातं लागत नाही, पण आपल्याकडच्या बहुतेकांचा मार्ग खात्याचाच.

खातं ऑनलाइन उघडतं, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते आपल्या बँकेतून पैसे पाठवणं. आमच्या शाखेत असा व्यवहार क्वचितच होत असावा, कारण काउंटरवरच्या मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की हा फॉर्म त्यांना वरिष्ठांना विचारून भरावा लागेल. परदेशी पैसे पाठवताना ए-टू फॉर्म भरतात आणि त्यात पैसे कशासाठी चाललेत याचा एक कोड असतो. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्याची फी, राहणं-खाणं यासाठी एस०३०५ हा कोड आहे. हा कोड महत्त्वाचा का, तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर, ठरतो. त्या वर्षी ७ लाखांवरच्या रकमेवर शिक्षणासाठी ५ टक्के, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर अर्धा टक्का, आणि भेट किंवा नातेवाइकांचा सांभाळ अशा कारणांसाठी थेट २० टक्के असा हिशेब होता. माझी रक्कम दहा लाखांच्या आसपास. म्हणजे ७ लाखांवरच्या तीन लाखांवर टीसीएस. शिक्षण म्हणून पंधरा-सोळा हजार, दुसऱ्या कोडवर साठ हजारांच्या वर. हा पैसा बुडत नाही, आयकर विवरण भरताना तो जमा धरला जातो किंवा परत मिळतो, फॉर्म २६एएस मध्ये दिसतो. पण जायच्या आधीच्या महिन्यात घरातून साठ हजार जास्तीचे निघणं आणि वर्षभराने परत येणं हे प्रत्येक घराला झेपत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ७ ऐवजी १० लाख झाली आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या कर्जातून जाणाऱ्या पैशांवर टीसीएस राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट, मधल्या बँकांचे चार्जेस. पैसे पाठवताना फॉर्मवर एक पर्याय निवडायचा असतो, की वाटेतला खर्च पाठवणारा सोसणार, घेणारा सोसणार की दोघांत वाटणार. पाठवणाराच सोसणार, हा निवडा. तो इंग्रजीत ओयूआर या तीन अक्षरांनी लिहिलेला असतो. नाहीतर वाटेत वीस-पंचवीस युरो कापले जातात, खात्यात रक्कम अपुरी पोचते आणि ती पूर्ण होईपर्यंत पैसे जमा झाल्याचं पुष्टीपत्र मिळत नाही. मग तेवढ्या वीस युरोंसाठी पुन्हा बँक, पुन्हा ए-टू फॉर्म, पुन्हा चार्जेस. मी त्यातही थोडी रक्कम वर पाठवली. उरलेले पैसे तुमचेच असतात.

विम्याचं गणित पुन्हा तारखांचं. इथला सरकारी आरोग्य विमा विद्यार्थी म्हणून नोंदणी झाल्यावर, सत्र सुरू झाल्यापासून लागू होतो. तुम्ही मात्र त्याआधीच इथे आलेले असता. मधल्या दिवसांसाठी प्रवास विमा घ्यायचा आणि तो व्हिसा ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवसापासून हवा, विमान सुटतं त्या दिवसापासून नव्हे. विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी विमा तिशीपर्यंतच मिळतो. नोकरी करून तिशीच्या पुढे शिकायला येणाऱ्यांनी हे आधीच पाहून ठेवावं, कारण त्यांचा महिन्याचा खर्च वेगळा असतो.

हे सगळं जमल्यावर व्हिसा अर्ज. माझ्या वेळी व्हीएफएसची, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीची, अपॉइंटमेंट हीच मोठी चिंता होती. स्लॉट उघडले की क्षणात जात. २०२५ पासून जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरून कागद आधीच अपलोड करता येतात, कागद पुरे आहेत का ते तिथे पाहिलं जातं. बोटांच्या ठशांसाठी आणि पासपोर्टसाठी मात्र प्रत्यक्ष जावं लागतंच. फी ७५ युरो, रुपयांत.

या फाइलमधला एकच कागद असा आहे जो तुम्ही स्वतः लिहायचा असतो, ते म्हणजे मोटिव्हेशन लेटर. आणि नेमका तोच लोक एजंटकडून लिहून घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. जर्मनी ही इंजिनिअरिंगची पंढरी आहे, लहानपणापासून माझं स्वप्न आहे, असली वाक्यं ते वाचणाऱ्याने हजारदा वाचलेली असतात. मी शिक्षण संपल्यावर काही काळ नोकरी केली होती. त्या नोकरीत कोणतं काम करताना कुठे अडले, ते या कोर्सच्या कोणत्या विषयाने सुटेल, एवढंच लिहिलं. विषयांची नावं मॉड्यूल हँडबुकमधून, म्हणजे कोर्सच्या विषयांची माहिती देणाऱ्या पुस्तिकेतून, घेतली, ते विद्यापीठाच्या साइटवर मोफत असतं. मधली नोकरीची वर्षं लपवली नाहीत, उलट त्यांचाच आधार घेतला. एक पान पुरतं. खिडकीपाशी मला विचारलेले दोन-तीन प्रश्नही त्या पत्रातूनच निघाले होते, त्यामुळे उत्तरं पाठ करायची वेळ आली नाही.

आणि आता पहिली फाइलच चोख असणं जास्त गरजेचं झालं आहे. पूर्वी व्हिसा नाकारला तर कॉन्सुलेटकडेच विनाशुल्क फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जगभर बंद झाली. आता नकार आला तर नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. विद्यार्थ्याला दुसरा मार्ग परवडणारा नाही आणि नवा अर्ज म्हणजे बहुधा पुढचं सत्र.

पासपोर्ट परत आल्यावर पाकीट फोडून फोटो काढण्याआधी तो स्टिकर नीट वाचा. वर डी हे अक्षर हवं, ती राष्ट्रीय, लांब मुदतीच्या व्हिसाची खूण. मुदत कधीपासून कधीपर्यंत, हे पाहा. सुरुवातीच्या तारखेच्या आदल्या रात्रीही देशात उतरता येत नाही. माझ्या स्टिकरवर सहा महिने होते. खाली शेऱ्यांत निवास कायद्याचं कलम १६ ब, विद्यापीठाचं नाव आणि काम करण्याच्या अटी छापलेल्या असतात. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक बघून घ्या. चूक असेल तर ती इथे येऊन नाही, तिथेच दुरुस्त होते. तिकीट बुक करायची घाईही स्टिकर बघितल्यावरच करावी.

इथे उतरल्यावर दुसरी साखळी सुरू होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा असतो. त्यासाठी घरमालकाने सही केलेला, तुम्ही इथे राहायला आलात असा एक फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. तात्पुरत्या खोल्या देणारे कित्येक जण हा फॉर्म देत नाहीत आणि नव्या मुलांना ते पैसे भरल्यावर कळतं. खोली घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, भाडं किती हा दुसरा. कारण पत्त्याची नोंद नाही तर करक्रमांक पोस्टाने येत नाही, परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही, काही बँका खातंही उघडत नाहीत, आणि इथलं खातं नाही तर ब्लॉक्ड अकाउंटमधले तुमचेच पैसे तुम्हाला मिळत नाहीत. पहिल्या महिन्याभराचा खर्च आणि घराची अनामत रक्कम वेगळी जवळ असू द्या.

अजून एक छोटी वाटणारी गोष्ट. पत्रपेटीवर आडनाव लावा. पोस्टमन पेटीवरचं नाव बघूनच पत्र टाकतो, फ्लॅट नंबर पत्त्यात नसतोच. बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, करक्रमांक, परवान्याच्या कचेरीचं बोलावणं, सगळं कागदी पत्रांनी येतं. पेटीवर नाव नसेल तर ते परत जातं आणि तुम्ही इथे कचेरीला दोष देत बसता. मी राहायला गेले त्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून चिकटवलं. पासपोर्टवरचंच.

मग परदेशी नागरिकांची कचेरी. विद्यार्थ्यांना इथे सर्वांत जास्त धास्ती असते ती हिची. शहरागणिक पद्धत वेगळी, कुठे ऑनलाइन अर्ज, कुठे ईमेल. परदेशी लोक वाढलेत आणि टेबलामागची माणसं तेवढी नाहीत, त्यामुळे वाट पाहावी लागते. एकच नियम जिवापाड पाळायचा : व्हिसाची मुदत संपण्याआधी परवान्याचा अर्ज पोचलेला असला पाहिजे आणि तो पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. भेट मुदतीनंतरची मिळाली तरी चालते, अर्ज नंतरचा चालत नाही. मुदतीत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचा जुना व्हिसा त्याच्या अटींसह चालू आहे असं कायदा धरतो. निवास कायद्याच्या कलम ८१ मध्ये तशी तरतूद आहे.

माझी भेट मुदतीनंतरचीच होती. तोपर्यंत मला १३ युरो भरून एक तात्पुरता दाखला मिळाला. जर्मनमध्ये त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात. मुलं त्याचा फोटो काढून ठेवतात आणि आतलं वाचत नाहीत, म्हणून सांगते. घडी उघडली की तीन चौकटी दिसतात आणि त्यातल्या एकीवर खूण असते. पहिली चौकट सांगते की अर्जाचा निर्णय होईपर्यंत राहायला परवानगी आहे. ती ज्याच्याकडे आधी परवाना नव्हता पण जो कायदेशीर राहत होता त्याच्यासाठी. त्या दाखल्यावर देशाबाहेर गेलात तर परत येता येत नाही. दुसरी, उशिरा अर्ज केलेल्यांसाठी, नुसतं देशाबाहेर काढणं थांबलं आहे एवढंच म्हणते. तिसरी चौकट आपल्या कामाची : जुना परवाना पुढे चालू आहे. तिच्यावर खूण असेल तर तुमचं काम चालू राहतं आणि देशाबाहेर जाऊन परतही येता येतं.

ही खूण कुठे आहे यावर किती अवलंबून असतं, ते मला लवकरच कळलं. आमचं शहर नेदरलँड्सच्या सीमेला लागून आहे. मुलं बसने पलीकडे खरेदीला जातात, वाटेत कुणी पासपोर्ट बघेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. पण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आहे. एकदा परतताना पोलीस बसमध्ये चढले. मी मुदत संपलेला व्हिसा आणि तो दाखला दिला. त्या बाईंनी व्हिसाकडे पाहिलं, भुवया उंचावल्या, दाखला उघडला, थेट चौकटींच्या पानावर गेल्या, तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि दोन्ही परत दिलं. कामाच्या ठिकाणीही तेच. मनुष्यबळ विभागाने पहिल्यांदा, व्हिसा संपलाय, करार थांबवावा लागेल, असं लिहिलं होतं. तिसऱ्या चौकटीची प्रत पाठवल्यावर विषय मिटला.

भेटीच्या दिवशी फोटो, ठसे, १०० युरो फी, विद्यापीठाचा दाखला, विमा आणि पुढच्या खर्चाचा पुरावा. इथे लक्षात ठेवायचं की खर्चाची रक्कम त्या दिवशी लागू असलेली धरतात. मी भारतातून महिन्याला ९३४ च्या हिशेबाने आले होते, इथे ९९२ च्या हिशेबाने दाखवावं लागलं. अर्धवेळ कामाचा पगार त्यात धरला गेला. मग कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापून काही आठवड्यांनी आलं. मुदत दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कार्डासोबत एक जोडपत्र येतं, कामाच्या अटी त्यावर असतात, कार्डावर नाही. तो कागद हरवू नका.

कामाबद्दल थोडं कडक बोलते. १ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आधी ते १२० आणि २४० होतं. विद्यापीठातलं विद्यार्थी सहायकाचं काम या मोजणीत धरत नाहीत. पण हे सगळं नोकरीसाठी. भारतातल्या जुन्या कंपनीचं काम फ्रीलान्स म्हणून इथे खोलीत बसून करणं, त्याचे पैसे भारतातल्या खात्यात घेणं, याला ही परवानगी लागू नाही. स्वतंत्र व्यवसायासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. "पैसे तिकडेच येतात, इथे कुणाला कळतंय" असं सीनियर सहज सांगतात. परवान्यावर गंडांतर आलं तर ते सीनियर जबाबदारी घेत नाहीत. मला इथे एखाद्या मुलीचा असा प्रश्न आला की मी तासभर बोलते, पण तिला परावृत्त करते.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा येऊन गेले. त्यांचा व्हिसा वेगळ्या जातीचा, शेंगेनचा, थोड्या दिवसांच्या भेटीचा. फी ९० युरो, ११ जून २०२४ पासूनचा दर. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. खर्चाची अधिकृत हमी मला देता येत नव्हती, विद्यार्थ्याच्या उत्पन्नावर ती सहसा स्वीकारत नाहीत. म्हणून बाबांचं पेन्शन, आयकर विवरणं आणि बँक स्टेटमेंट यावरच अर्ज उभा केला. मी फक्त आमंत्रणाचं पत्र, परवान्याची प्रत आणि पत्त्याच्या नोंदीचा दाखला पाठवला. नावांचा घोळ इथेही आलाच. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, माझ्या जन्मदाखल्यावर नुसतं पहिलं नाव. लग्नाचा दाखला जोडला आणि ही माझी आई, हे त्यावरून सिद्ध झालं.

या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि येण्याचा व जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात. पहिल्यांदा बहुतेकांना सहलीपुरतीच मुदत मिळते. पण १८ एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले आहेत. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा मिळू शकतो. म्हणून आई-बाबांना पहिल्याच भेटीत मुदतीच्या शेवटच्या दिवसाचं तिकीट काढू नका. विमान रद्द झालं तर एक दिवस जास्तीचा राहणं नोंदीत जातं, आणि पुढचा लांब मुदतीचा व्हिसा त्या नोंदीवर अडतो. आमच्या तिकिटात मी मुद्दाम काही दिवस मोकळे ठेवले होते. बाबांना ते पैसे आणि दिवस वाया गेल्यासारखे वाटले, पण मी ऐकलं नाही.

माझं स्वतःचं शिक्षण आता संपत आलंय. पदवी मिळाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम करता येतं, दिवस मोजावे लागत नाहीत. पण त्यासाठी पदवी मिळाल्याचा पुरावा लागतो, आणि परीक्षा विभाग तो थीसिसचे मार्क लागल्यावर देतो. कार्डाची मुदत त्याच्या आसपासच संपते आहे. म्हणून थीसिस जमा करायची तारीख मी गाइडशी बोलून थोडी अलीकडे घेतली आहे, सगळे विषय पूर्ण केल्याचा दाखला परीक्षा विभागाकडे आधीच मागून ठेवला आहे, आणि नव्या परवान्याचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधी टाकणार आहे.